गाडीला विमा आहे, गाडीतील माणसाचे काय?

नवी गाडी घरी येणे हा आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबात एक लहानसा सोहळाच असतो. नारळ फुटतो, हळदकुंकू वाहिले जाते, पेढे वाटले जातात. त्याआधी कागदपत्रांची जी थप्पी सह्यांसाठी पुढे येते, तिच्यात विम्याची पॉलिसीही असते. ‘फुल इन्शुरन्स आहे ना?’ एवढा एकच प्रश्न ग्राहक विचारतो, ‘हो, आहे’ एवढे एकच उत्तर विक्रेता देतो आणि पॉलिसी गाडीच्या कप्प्यात जाऊन पडते. ‘फुल’ या शब्दामुळे अनेकांचा असा समज होतो की उद्या अपघात झालाच, तर गाडीच्या दुरुस्तीपासून इस्पितळाच्या बिलापर्यंत सारे काही विमा कंपनी पाहील.

वस्तुस्थिती तशी नाही. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीतून गाडीच्या मालकाचे स्वतःचे इस्पितळाचे बिल मिळत नाही. ही गोष्ट फार थोड्यांना आधी ठाऊक असते आणि बहुतेकांना ती बिलिंगच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर कळते. मोटार विमा अपघातानंतरच्या वैद्यकीय खर्चाला नेमका कोठे उपयोगी पडतो, कोठे पडत नाही आणि या बाबतीत ग्राहकांनी व आपण बँक कर्मचाऱ्यांनी काय करावे, याविषयी काही विचार येथे मांडावेसे वाटतात.

प्रश्न काल्पनिक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. दगावलेल्यांची बातमी होते; जखमींचे पुढे काय झाले, त्यांची बिले कोणी भरली, हे कोणी विचारीत नाही. दिल्लीतील मराठी माणसाला तर ३ जून २०१४ ची सकाळ विसरता येणार नाही. केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले असता राजधानीच्या रुंद, सरळ, झाडांच्या रस्त्यावर त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली आणि एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये नेऊनही ते वाचू शकले नाहीत. अपघात रस्त्याचा दर्जा पाहून येत नाही आणि माणसाची पायरीही पाहत नाही. फरक पडतो तो नंतर. ज्यांच्या उपचाराची व्यवस्था पदाबरोबर येते त्यांची गोष्ट वेगळी. नोएडा, गुडगाव, फरीदाबाद वा गाझियाबादमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या, नातेवाईक दीड हजार किलोमीटरवर असणाऱ्या कुटुंबाची गोष्ट वेगळी.

पॉलिसीत असते तरी काय?

सर्वसामान्य मोटार पॉलिसीचे तीन भाग असतात. ते नीट समजून घेतले तर निम्मा घोटाळा दूर होतो.

पहिला भाग तृतीय पक्षाच्या दायित्वाचा, ज्याला आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाला इजा झाली वा मृत्यू आला, तर त्याला द्यावी लागणारी भरपाई विमा कंपनी देते. इजा व मृत्यूच्या बाबतीत न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती द्यावी लागते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खाजगी मोटारीच्या बाबतीत साधारणतः ७.५ लाख रुपयांची मर्यादा असते. रस्त्याने जाणाऱ्या पादचाऱ्याचे इस्पितळाचे बिल या भागातून मिळू शकते. आपले नाही. कारण आपल्या पॉलिसीत आपण ‘तृतीय पक्ष’ नसतो.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. ‘फुल इन्शुरन्स’ या बोलीतल्या शब्दाचा खरा अर्थ हा दुसरा भाग जोडणे एवढाच आहे. यातून पत्रा, काच, इंजिन यांची भरपाई मिळते. शरीराचा येथे संबंध नाही.

तिसरा भाग मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा. २०१८ पासून त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये झाली. २०१९ च्या प्रारंभापासून तो गाडीच्या पॉलिसीपासून वेगळाही घेता येतो. १५ लाखांचा आकडा पाहून ग्राहक निश्चिंत होतो. पण अटी वाचल्या तर असे दिसते की ही रक्कम मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी आहे. मृत्यू, दोन्ही डोळे वा दोन अवयव गमावणे, कायमचे संपूर्ण अपंगत्व यांना पूर्ण रक्कम. एक डोळा वा एक अवयव गमावला तर निम्मी. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणावर काढले आणि माणूस पुन्हा चालू लागला, तर या भागातून एक रुपयाही मिळत नाही. शिवाय हा विमा व्यक्तीच्या नावावरील गाडीसाठी असतो. राजधानी परिसरात कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यांच्या पॉलिसीत हा भाग नसतो.

आपल्या शाखांतून दिल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेबद्दलही असाच गैरसमज आढळतो. २०१५ मध्ये सुरू झालेली आणि जून २०२२ पासून वर्षाला २० रुपये हप्ता असलेली ही योजना अत्यंत उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु तीही अपघाती मृत्यू व अपंगत्वासाठीच आहे, उपचाराच्या खर्चासाठी नाही.

एका कुटुंबाचे उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नोएडात राहणारे एक कुटुंब यमुना एक्स्प्रेसवेने आग्र्याला निघाले आहे. पती गाडी चालवीत आहे, पत्नी शेजारी आहे, पतीची आई मागे बसली आहे. वेगात टायर फुटतो आणि गाडी दुभाजकावर आदळते. समोर दुसरे वाहन नाही. तिघेही जखमी होतात. समजा, तिघांची मिळून बिले ९ लाखांची झाली: पतीचे ४, पत्नीचे २ आणि आईचे ३ लाख. गाडीला ‘फुल इन्शुरन्स’ आहे.

पतीचे ४ लाख मोटार पॉलिसीतून मिळणार नाहीत. गाडी त्याची, चालवणारा तोच आणि दोषी असे दुसरे वाहन नाही. मग भरपाई कोणाकडे मागायची? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या कर्नाटकातील एका प्रकरणात दुसऱ्याची गाडी मागून घेऊन भरधाव चालवणाऱ्या माणसाचा मृत्यू झाला होता. त्याच्या स्वतःच्याच बेदरकारपणामुळे अपघात झाला असल्याने विमा कंपनी भरपाई देण्यास बांधील नाही, ही उच्च न्यायालयाची भूमिका तेथे कायम राहिली. मित्राची गाडी मागून चालवण्याची आपली सवय किती जोखमीची आहे, हेही यावरून ध्यानात यावे.

पत्नी व आई यांची स्थिती थोडी बरी आहे, पण सरळ नाही. पॉलिसी केवळ सक्तीची, म्हणजे निव्वळ थर्ड पार्टीची असती, तर खाजगी गाडीत विनामूल्य बसलेल्या प्रवाशांचा धोका तीत येत नाही, असे न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. पॅकेज पॉलिसीत मात्र गाडीत बसलेल्यांचा धोका येतो. हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये यशपाल लूथरा प्रकरणात स्पष्ट केले आणि २०१२ मध्ये बालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही याच दिशेने निर्णय दिला. म्हणजे पत्नी आणि आई यांना दावा करता येईल. पण कोणाविरुद्ध? गाडीचा मालक व चालक या नात्याने पतीविरुद्ध आणि त्याच्या विमा कंपनीविरुद्ध. कलम १६६ खाली पूर्ण भरपाई हवी असेल, तर पतीने निष्काळजीपणाने गाडी चालवली असे पत्नीला सांगावे लागेल. दोष सिद्ध न करता मागायची असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कलम १६४ मध्ये गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख आणि मृत्यूसाठी ५ लाख अशी ठरावीक रक्कम आहे. इस्पितळात पतीच्या खाटेशेजारी बसलेल्या किती स्त्रिया असा दावा करायला धजतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

एक टायर फुटल्याने एका घरात ९ लाखांची बिले येतात आणि ‘फुल’ विम्यातून त्या दिवशी हाती येणारी रक्कम शून्य असते. गाडी मात्र गॅरेजमध्ये विमा कंपनीच्या खर्चाने, कॅशलेस पद्धतीने दुरुस्त होत असते.

पैसे मिळतात, पण केव्हा?

दुसऱ्या वाहनाच्या चुकीने आपण जखमी झालो तर कायदा आपल्या बाजूचा आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण झालेला वैद्यकीय खर्च, पुढे होणारा खर्च, बुडालेला पगार, वेदना या सर्वांचा विचार करून भरपाई ठरवते. प्रश्न काळाचा आहे. सरला वर्मा विरुद्ध दिल्ली ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन हे प्रकरण भरपाईच्या हिशोबासाठी देशभर प्रमाण मानले जाते. त्यातील अपघात घडला १८ एप्रिल १९८८ रोजी. मृत व्यक्ती भारतीय कृषी संशोधन परिषदेत वैज्ञानिक होती. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय आला १५ एप्रिल २००९ रोजी. एकवीस वर्षांत घरातील लहान मुले मोठी होऊन स्वतः कमावती होतात.

या दिरंगाईवर उपाय शोधण्याचे श्रेयही दिल्लीलाच द्यावे लागेल. राजेश त्यागी विरुद्ध जयबीर सिंह या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. आर. मिधा यांनी २००९ मध्ये एक नवी कार्यपद्धती आखून दिली. कल्पना साधी होती. जखमी माणसाने वकील शोधून न्यायालयात धाव घेण्याची वाट का पाहावी? पोलिसांनीच सविस्तर अपघात अहवाल तयार करून तो न्यायाधिकरणापुढे ठेवावा आणि विमा कंपनीने ठराविक मुदतीत आपला देकार द्यावा. २०१० पासून ही पद्धत दिल्लीत राबवली जाऊ लागली, तिच्यात सुधारणा होत गेल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून ती केंद्रीय नियमांच्या रूपाने साऱ्या देशाला लागू झाली. त्यानुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांची अंमलबजावणी करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. नियम आहेत, ते पाळले जातात की नाही, हे मात्र जखमीच्या घरच्यांनी पोलिस ठाण्यात केलेल्या पाठपुराव्यावर पुष्कळसे अवलंबून असते. कलम १६६ मध्ये दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, तीही लक्षात ठेवावी. अपघात आग्र्याजवळ झाला तरी जखमी व्यक्ती जेथे राहते तेथील न्यायाधिकरणात दावा करता येतो. तीन राज्यांत पसरलेल्या राजधानी परिसरातील लोकांना ही मोठी सोय आहे.

याच राजेश त्यागी प्रकरणातून आपल्या बँकिंग क्षेत्रात एक नवी ठेवही आली, हे अनेक सहकाऱ्यांनाही ठाऊक नसते. भरपाईची रक्कम एकदम हाती पडली की ती नातेवाइकांच्या उसनवारीत आणि मध्यस्थांच्या खिशात विरघळून जाते, असा अनुभव होता. त्यावर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बँकांनी मोटार अपघात दाव्यांसाठी खास वार्षिकी ठेव सुरू केली. तीत एकरकमी पैसे ठेवून ३६ ते १२० महिन्यांपर्यंत दरमहा मुद्दल व व्याज मिळून समान रक्कम मिळते, आणि या ठेवीवर कर्ज दिले जात नाही. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत अवलंबिण्यास सांगितले आहे. अपघातग्रस्त कुटुंब आणि बँक यांचा संबंध आता असा थेट आला आहे.

पहिला तास आणि पहिले सात दिवस

परंतु भरपाई कितीही न्याय्य असली, तरी ती मागाहून येते आणि शस्त्रक्रियेची आगाऊ रक्कम आजच भरायची असते. जखमीवर आधी उपचार करावेत, पोलिसांचे सोपस्कार मागाहून पाहावेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात बजावले. जखमी स्कूटरस्वाराला जवळच्या इस्पितळाने दाखल न करता वीस किलोमीटरवरील दुसऱ्या इस्पितळाकडे धाडले आणि वाटेतच त्याचा प्राण गेला, अशी वृत्तपत्रातील बातमी या याचिकेच्या मुळाशी होती. मदत करणाऱ्या वाटसरूला पोलिसांच्या जाचापासून संरक्षण मिळाले ते २०१६ मध्ये. त्यासाठी दिल्लीच्या सेव्हलाइफ फाउंडेशनने न्यायालयात लढा दिला होता. पीयूष तिवारी यांनी ही संस्था २००८ मध्ये स्थापन केली, तिच्यामागे २००७ मध्ये रस्ते अपघातात गेलेल्या त्यांच्या लहान चुलतभावाचे दुःख होते.

दिल्ली सरकारने २०१९ मध्ये ‘फरिश्ते दिल्ली के’ ही योजना आणली. तीत जखमींवरील खाजगी इस्पितळातील उपचाराचा खर्चही सरकार उचलणार होते. पुढे निधी अडला आणि २०२३ मध्ये ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उत्तम हेतूच्या योजनेलाही पैशाची निश्चित तरतूद लागते, हा त्यातील बोध.

अशी निश्चित तरतूद कायद्याने आता केली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६२ खाली केंद्राने ५ मे २०२५ रोजी रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना अधिसूचित केली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये या दिरंगाईबद्दल सरकारला खडसावले होते. या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे १.५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या इस्पितळात मिळण्याची तरतूद आहे. नेमलेले नसलेल्या इस्पितळात प्रकृती स्थिर होईपर्यंतचेच उपचार तीत येतात. येथे दोष कोणाचा हे पाहिले जात नाही. गाडी चालवणारा स्वतःही पात्र ठरतो. विमा असलेल्या वाहनाच्या अपघातात हा पैसा विमा कंपन्यांच्या अंशदानातून आणि विमा नसलेल्या वाहनाच्या बाबतीत सरकारकडून यायचा आहे. मोटार विमा जखमीच्या बिलापर्यंत वेळेवर पोहोचण्याची ही पहिली खरी वाट म्हणावी लागेल. तमिळनाडूने डिसेंबर २०२१ पासून पहिल्या ४८ तासांच्या मोफत उपचाराची योजना राबवली आहे, तर न्यूझीलंडसारख्या देशात १९७४ पासून दोष न पाहता प्रत्येक अपघातग्रस्ताच्या उपचाराची राष्ट्रीय व्यवस्था आहे.

तरीही वरील उदाहरणातील पतीचे ४ लाखांचे बिल पुन्हा पाहू. दीड लाख या योजनेतून मिळाले असे धरले, तरी अडीच लाख उरतातच. आणि आठव्या दिवसानंतरचा सारा खर्च घरचाच.

बँकेने येथे काय करावे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वाहनकर्ज देताना बँक विम्याची पॉलिसी अत्यंत बारकाईने पाहते. गाडीची विमा रक्कम किती, बँकेचे नाव तारणधारक म्हणून नोंदले आहे का, पॉलिसीची मुदत केव्हा संपते, हे सारे तपासले जाते, कारण गाडी हे आपले तारण असते. ही दक्षता योग्यच आहे. पण कर्जाचा हप्ता गाडी फेडत नाही, माणूस फेडतो. त्या माणसाचा पाय मोडला, तीन महिने बिनपगारी गेले आणि साठवलेले पैसे इस्पितळात गेले, तर गॅरेजमधून चकचकीत होऊन आलेली गाडी हप्ता कसा भरणार? अपघातानंतर मुदत ठेव मोडायला आलेले, दागिन्यांवर कर्ज मागणारे, हप्त्याला मुदत मागणारे ग्राहक शाखेत येतात. त्यांच्या ठेवी मोडून देण्यात आपण तत्परता दाखवतो. परंतु हीच तत्परता कर्ज देतानाच्या दहा मिनिटांत दाखवली असती, तर कदाचित ठेव मोडावी लागली नसती.

म्हणून माझे मत असे की प्रत्येक वाहनकर्जाच्या कागदपत्रांसोबत ग्राहकाला त्याच्या भाषेतील एक साधे पान द्यावे. त्यावर चार ओळी असाव्यात: या पॉलिसीतून दुसऱ्याच्या इजेची भरपाई मिळते, आपल्या गाडीची दुरुस्ती मिळते, आपल्या मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाची ठरावीक रक्कम मिळते, आपले इस्पितळाचे बिल मिळत नाही. शेवटची ओळ ठळक अक्षरांत असावी.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की विमा समजावणे हे विमा कंपनीचे काम आहे, बँकेचे नव्हे. परंतु पॉलिसीची प्रत आपण मागतो, ती आपल्या फाइलला लावतो, बहुतेक बँका तर विमा कंपन्यांच्या प्रतिनिधीही आहेत. मग तिच्यात काय नाही हे सांगण्याची जबाबदारी झटकता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्राहकाच्या भल्याचे नाव सांगून आणखी एक पॉलिसी त्याच्या गळ्यात मारली जाईल, अशी भीती अनेकांना वाटेल आणि ती अनाठायी नाही. कर्जासोबत विमा लादणे गैरच आहे. म्हणूनच माझा आग्रह सांगण्याचा आहे, विकण्याचा नाही. माहितीच्या त्या पानावर कोणत्याही कंपनीचे नाव वा दूरध्वनी असू नये.

धोरणाच्या पातळीवर एक सुधारणा मात्र अवश्य व्हावी असे वाटते. मालक-चालकाच्या सक्तीच्या अपघात विम्यात मर्यादित का होईना, पण उपचाराच्या खर्चाचा समावेश करावा. त्याने हप्ता थोडा वाढेल, हे मान्य. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात मध्यम मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये होता. दुसऱ्याच्या जिवासाठी आपण एवढे देतो, ते योग्यच आहे. त्यात थोडी भर टाकून स्वतःच्या पहिल्या महिन्याच्या उपचाराची सोय होत असेल, तर ती भर अवाजवी म्हणता येणार नाही. अर्थात संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये निदर्शनास आणल्याप्रमाणे देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविनाच धावत आहेत, हेही विसरून चालणार नाही. ज्याच्या धडकेने आपण जखमी होऊ, त्याच्याकडे विमा असेलच असे नाही. हे आपली सोय आपणच करण्याचे आणखी एक कारण.

ग्राहकांनी लक्षात ठेवावे असे काही

१. कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमा असावा. इस्पितळाचे बिल वेळेवर देणारा खरा विमा हाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर शून्य झाला आहे. केवळ नोकरीतील गट विम्यावर विसंबू नये. नोकरी सुटली की तो सुटतो.

२. मोटार पॉलिसीचे नूतनीकरण करताना गाडीतील प्रवाशांचा अपघात विमा, पगारी चालकाविषयीचे दायित्व आणि वैद्यकीय खर्चाची पुरवणी उपलब्ध आहे का, हे विचारावे. वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घेतल्यास तीत उपचाराचा खर्च व तात्पुरत्या अपंगत्वातील साप्ताहिक रक्कम आहे का, हे पाहावे.

३. अपघात झाल्यास ११२ क्रमांकावर कळवावे. इस्पितळात रोकडरहित उपचार योजनेची स्पष्ट मागणी करावी. पोलिसांत नोंद अवश्य करावी. नोंद नसेल तर पुढचे सारे मार्ग अवघड होतात.

४. प्रत्येक बिल, औषधाची पावती, तपासणीचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. मूळ बिले आरोग्य विमा कंपनीला द्यावी लागली, तर त्यांच्या साक्षांकित प्रती आधी करून घ्याव्यात.

५. आरोग्य विम्यातून बिल मिळाले म्हणजे न्यायाधिकरणाकडे तो खर्च मागता येणार नाही, असे समजू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये डॉली गांधी प्रकरणात असा निर्णय दिला आहे की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम अपघात भरपाईतून वजा करता येत नाही. आपण स्वतः हप्ते भरून घेतलेल्या विम्याचा लाभ अपघातास जबाबदार असलेल्याला का मिळावा, असा त्यामागील विचार आहे.

६. धडक देऊन वाहन पळून गेले असेल, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळू शकतात. रक्कम अपुरी आहे, पण तिच्यावरील हक्क सोडू नये.

७. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बचत खात्यात वा सहज मोडता येईल अशा ठेवीत ठेवावी आणि ती कोठे आहे हे घरातील दुसऱ्या व्यक्तीलाही ठाऊक असावे. अपघातात शुद्ध हरपलेल्या माणसाचा पिन क्रमांक कोणाला विचारायचा?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. विम्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण येथे तहान लागल्यानंतर विहीर खणताच येत नाही. अपघातानंतर घेतलेली पॉलिसी त्या अपघाताला लागू होत नाही. तेव्हा आज सायंकाळी घरी गेल्यावर गाडीच्या कप्प्यातील ती पॉलिसी बाहेर काढावी आणि आपले स्वतःचे नाव तीत नेमके कशासाठी आहे, हे घरातील सर्वांसमवेत एकदा वाचून पाहावे. काही उमगले नाही, तर ती घेऊन जवळच्या शाखेत यावे. आणि आम्हा शाखेतील मंडळींनीही ती केवळ तारणाचा कागद म्हणून न पाहता, समोर बसलेल्या माणसाचा कागद म्हणून वाचून दाखवावी.